बोत्स्वाना : एचआयव्हीची गोळी वेळेवर मिळते, मग बीपीची का नाही?

मोरपंखी

मी बोत्स्वानाच्या राजधानीत, गाबोरोनला शिक्षिका आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो आणि इथलेच झालो. आमच्या शाळेत स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. साठीला टेकल्या आहेत. एचआयव्हीसोबत वीसेक वर्षं जगताहेत आणि ते कुणापासून लपवत नाहीत. त्यांच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आजवर चुकलेल्या नाहीत. फुकट मिळतात, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) मोजता येणार नाही इतका कमी आहे. पण बीपीची गोळी गेले कित्येक महिने मिळेलच याचा भरवसा नाही. एकाच दवाखान्यात, एकाच खिडकीवर, एक औषध हातात पडतं आणि दुसऱ्यासाठी "पुढच्या आठवड्यात या" ऐकावं लागतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डुमा बोको यांनी देशात सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली, ती याच औषधटंचाईमुळे. बीपी, मधुमेह, कर्करोग, क्षय, दमा, डोळ्यांचे आजार, मानसिक आजार, सगळ्यांच्याच औषधांचा खडखडाट. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. औषधं वाटपाच्या देखरेखीला लष्कर लावावं लागलं.

आणि हाच तो देश, ज्याने २०२१ च्या पाहणीत ९५-९८-९८ गाठलं. एचआयव्ही असलेल्या शंभरातल्या ९५ जणांना ते ठाऊक आहे, त्यांतले ९८% उपचारावर, आणि उपचारावरच्यांपैकी ९८% जणांमध्ये विषाणू दबलेला.

हे दोन्ही एकाच देशात कसं होतं, हा माझा प्रश्न आहे. वैद्यकीय क्षेत्रातल्यांनी आणि आफ्रिकेत राहिलेल्यांनी जरूर लिहा.


कळसूबाई

वाचतेय. आकडा वाचून थक्क झाले.


रानवारा

चांगला विषय, पण मला यात फार कोडं दिसत नाही. लोकसंख्या सुमारे २४ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. निर्यातीतला सुमारे ८०% पैसा हिऱ्यांचा. पैसा होता तेव्हा औषधं घेतली, हिऱ्यांचा बाजार पडला तेव्हा औषधं संपली. तिकडच्या यशाचं फार कौतुक करू नये असं माझं मत.


डॉ_निशिगंधा

रानवारा, पैसा होता हे खरं, पण पैसा असून न वापरणारेही शेजारीच होते. मी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फ्रान्सिसटाउनला सरकारी रुग्णालयात काम केलं. तेव्हा इथे वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं, ते बोत्स्वाना विद्यापीठात २००९ मध्ये सुरू झालं. त्यामुळे डॉक्टर बहुतेक बाहेरचे. भारतातले, क्यूबाचे, काँगोचे, झांबियाचे.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. १९९९ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने १५ ते ४९ वयातल्या तीनातल्या एकाहून जास्त माणसांना लागण होती. वॉर्डात खाटांमध्ये सतरंज्या. दर शनिवारी पहाटेपासून अंत्ययात्रा, आणि एका गावात एका शनिवारी अनेक. शिक्षक, नर्स, पोलीस, ट्रकचालक, सगळे तिशी-पस्तिशीतले. साठीच्या पुढे गेलेलं सरासरी आयुर्मान पन्नाशीच्या आसपास आलं. फेस्टस मोगाए तेव्हा राष्ट्राध्यक्ष. आपलं राष्ट्रच नामशेष होण्याच्या वाटेवर आहे, हे त्यांनी जगासमोर स्पष्ट बोलून दाखवलं. सत्तेत असताना असं बोलायला छाती लागते.

२००२ मध्ये 'मासा' कार्यक्रम सुरू झाला. सरकारी यंत्रणेतून सगळ्या नागरिकांना मोफत एआरटी देणारा आफ्रिकेतला हा पहिला देश. आधी गाबोरोनचं प्रिन्सेस मरिना रुग्णालय, मग फ्रान्सिसटाउन, सेरोवे, माउन. मर्क कंपनी आणि गेट्स प्रतिष्ठान यांनी प्रत्येकी ५ कोटी डॉलर देऊ केले होते, पण बराच मोठा वाटा सरकारने स्वतःच्या तिजोरीतून उचलला. २००४ पासून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी नेहमीच्या तपासण्यांबरोबरच होऊ लागली, नको असेल तर रुग्णाने नकार द्यायचा. तिथून चित्र बदललं. उचलून आणलेली माणसं काही महिन्यांनी चालत औषध न्यायला यायची. डॉक्टर म्हणून मला त्याहून मोठं समाधान पुन्हा कधी मिळालं नाही.


बाबुराव_निपाणीकर

निशिगंधाताई, शेजारी पैसा असून वापरला नाही म्हणता ते दक्षिण आफ्रिकेबद्दलच ना? तेव्हाचे तिथले राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी आणि त्यांच्या आरोग्यमंत्री. एआरव्ही (एआरटीतली औषधं) विषारी आहेत म्हणायचं आणि लसूण-बीट खा म्हणून सांगायचं. आमच्या आज्जीलाही लसणावर फार विश्वास होता, पण ती निदान तापाला डॉक्टरकडे पाठवायची!


डॉ_निशिगंधा

हो बाबुराव, तेच. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये अंदाज मांडला की त्या विलंबामुळे दक्षिण आफ्रिकेत ३,३०,००० हून जास्त जीव गेले. सीमा ओलांडली की माफेकेंग, तिथल्या माणसाला औषध नाही. आणि सीमेच्या अलीकडे बोत्स्वानातलं लोबात्से, तिथे आहे. मला रानवारांना हेच सांगायचं होतं. अर्थव्यवस्था तर दक्षिण आफ्रिकेची कितीतरी मोठी होती.


शेखर_दौंड

या धाग्यात आपला महाराष्ट्रही येतो. मी औषधनिर्मितीत आहे, म्हणून लिहितो. २००१ पर्यंत तीन औषधांचा एका माणसाचा वर्षाचा खर्च १० ते १५ हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तेच औषध ३५० डॉलरला देऊ केलं. भारतात तेव्हा १९७० चा पेटंट कायदा होता. औषधावर नव्हे, बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट, म्हणून हे शक्य झालं. त्याच वर्षी ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिका सरकारवर प्रिटोरियात भरलेला खटला जगभरातून टीका झाल्यावर एप्रिलमध्ये मागे घेतला. २०१७ मध्ये भारतीय कंपन्यांशी करार होऊन डोल्युटेग्रॅविर या नव्या एचआयव्ही औषधासकटची तीन-औषधांची एकच गोळी वर्षाला ७५ डॉलरवर आली.

मोरपंखीताई, त्या बाईंच्या डबीवर बघा, भारतात बनल्याचं लिहिलेलं असण्याची शक्यता खूप आहे. पाताळगंगा, कुरकुंभ या पट्ट्यात राबणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की आपला माल कुठे जातो?


मोरपंखी

शेखरदादा, बघितलं. भारतातलीच आहे! बाईंना दाखवलं तर त्या इतक्या खूश झाल्या की शाळेतल्या सगळ्यांना सांगत सुटल्या, हिच्या गावाहून माझं औषध येतं म्हणून.


कळसूबाई

शेखर, हा प्रतिसाद वाचून ऊर भरून आला. +१


आकडेमोड

एक तपशील. निशिगंधाताईंनी दिलेला तो जुना अंदाज मुख्यतः गरोदर स्त्रियांच्या तपासणीवर बेतलेला होता. पुढे घरोघरच्या पाहण्या झाल्यावर आकडे खाली आले. २०२१ च्या पाहणीत १५ ते ६४ वयात २०.८% निघाले. हा आकडाही जगातल्या सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी आहे. आणि तो हळू घटतोय यात एक चांगली गोष्टही दडलेली आहे, कारण उपचारामुळे माणसं मरत नाहीत, म्हणून एकूण संख्येत राहतात. नवीन लागणी किती कमी झाल्या ते वेगळं पाहावं लागतं.


अनघा_कऱ्हाड

मी नर्स आहे, सध्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, त्याआधी एचआयव्ही समुपदेशनात होते. आपल्याकडे मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. म्हणजे बोत्स्वानाच्या दोन वर्षं मागे, तेही औषध आपल्याच राज्यात बनत असताना. याचं मला आजही वाईट वाटतं. सांगली, साताऱ्याकडच्या तरुण विधवा मी पाहिल्यात. नवरा मुंबईहून आजारी होऊन आला, गेला, आणि सासरच्यांनी सुनेलाच दोष दिला.

मोरपंखी यांचा प्रश्न मला अगदी ओळखीचा आहे. एआरटी केंद्रात प्रत्येक रुग्णाचं कार्ड, गोळ्या मोजून देणं, कुणी आलं नाही तर फोन, घरभेट. तोच रुग्ण बीपीसाठी बाहेरच्या ओपीडीत गेला की त्याला कुणी ओळखत नाही. गोळी असेल तर मिळते, नसेल तर चिठ्ठी हातात. किती जणांनी औषध सोडलं हे कुणी मोजतच नाही.


डॉ_निशिगंधा

अनघा, अगदी मुद्द्याचं बोललीस.

एचआयव्हीच्या कामातही एका गोष्टीकडेच बघत राहिल्याची किंमत मोजावी लागली होती, ते सांगते. आईच्या दुधातून बाळाला लागण होऊ नये म्हणून सरकार बाधित मातांना पावडरचं दूध मोफत द्यायचं. हेतू चांगला. २००६ च्या सुरुवातीला देशभर तुफान पाऊस झाला. पाणी दूषित झालं आणि बाळांमध्ये जुलाबाची साथ आली. फ्रान्सिसटाउनच्या तपासात निघालं की गंभीर आजारी पडलेली बाळं बहुतेक वरच्या दुधावरची होती. शेकड्यांनी बाळं दगावली. त्यातल्या अनेकांना एचआयव्ही नव्हताच. एका विषाणूपासून वाचवलेलं मूल जुलाबाने गेलं. सलाईन लावायला शीर सापडत नाही इतकी सुकलेली बाळं, आणि सूचना तंतोतंत पाळलेल्या आया. त्यांना काय सांगणार?

पण हा देश त्यातून शिकला. तिथेच झालेल्या 'म्मा बाना' अभ्यासात मातांना गरोदरपणी आणि स्तनपानाच्या काळात तीन औषधं दिली, तेव्हा बाळांना लागण सुमारे १ टक्क्यावर आली. २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. आईने औषध घ्यावं आणि बाळाला अंगावर पाजावं, ही आजची पद्धत त्याने पक्की केली. डिसेंबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बोत्स्वानाला आईकडून बाळाला होणारी लागण संपवण्याच्या वाटेवरचं 'रौप्य' प्रमाणपत्र दिलं. इतका मोठा भार असलेल्या देशांमध्ये हे पहिलंच.


पाऊलखुणा

मी लुसाकात आहे, झांबिया. जुलाबाचा विषय निघाला म्हणून थोडं अवांतर. ऑक्टोबर २०२३ पासून इथे कॉलराची मोठी साथ आली. ७०० हून जास्त माणसं गेली. हीरोज स्टेडियम, जिथे फुटबॉल बघायला जायचो, तिथे उपचार केंद्र उभारलं. जानेवारी २०२४ मध्ये शाळा उशिरा उघडल्या. कान्यामासारख्या वस्त्यांत उथळ विहिरी आणि शेजारीच शोषखड्ड्याचे संडास, पावसाळ्यात दोन्हीचं पाणी एक. बरीच माणसं दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली. भारतानेही तेव्हा मदत पाठवली होती.

बोत्स्वानाची स्थिती पाण्याच्या बाबतीत आमच्याहून खूप बरी आहे. तिकडच्या बहुतेक लोकांना पाच किलोमीटरच्या आत काही ना काही आरोग्यसेवा आहे. आमच्याकडे खेड्यात अजूनही अर्धा दिवस चालावं लागतं.


रानवारा

दूध पावडरीबद्दल वाचून सुन्न झालो. असं काही घडलं होतं हे कधी वाचनात आलं नव्हतं.

तरी माझा मुद्दा थोडा वेगळ्या रीतीने मांडतो. बाहेरच्या पैशावर एका रोगासाठी वेगळी यंत्रणा उभी राहते. वेगळी गोदामं, वेगळी संगणकप्रणाली, पगारही वेगळे. बाकीची आरोग्यसेवा तशीच राहते. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने मदत अडवली, तेव्हा हे उघडं पडलं नाही का?


मोरपंखी

इथे एचआयव्हीच्या खर्चातला सुमारे एक तृतीयांश वाटा अमेरिकेचा होता, बाकी बहुतेक सरकारचा. त्यामुळे गोळ्या थांबल्या नाहीत. पण त्या पैशावर चालणाऱ्या संस्थांमधले समुपदेशक गेले. वस्तीवर फिरणारी, तरुण मुलींशी बोलणारी माणसं होती ती.


गुराखी

मी अनेक वर्षं माउन भागात पर्यटन व्यवसायात होतो. डॉक्टर मंडळींना दिसत नाही ते सांगतो. इथल्या माणसाची घरं तीन. गावातलं, शेतावरचं आणि गुरांच्या तळावरचं. पावसाळ्यात शेतावर, एरवी गुरांकडे, मधूनच नोकरीला शहरात. पत्ता एक नसतोच. अशा माणसाला महिन्याचं औषध महिन्याला न्यायला सांगणं म्हणजे न देणंच. एआरटीवाल्यांनी तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली तेव्हा आमच्याकडच्या वाटाड्यांची त्या फेऱ्यांतून सुटका झाली. बीपीवाले मात्र अजून महिन्याच्या रांगेत.

शिवाय उत्तरेत ओकावांगो, चोबेकडे पावसाळ्यात मलेरिया. दक्षिणेतून आलेल्या माणसाला वाटतं आपल्या देशात मलेरिया नाही, आणि तोच जास्त आजारी पडतो. इकडे येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्या.

आणि दारू व रस्ते. सरळसोट रस्ता, रात्री मध्येच उभी गाढवं आणि गाई, चालक प्यायलेला. २००८ मध्ये दारूवर ३०% अधिभार लावला होता. मी गमावलेले मित्र बहुतेक रस्त्यावरच गेले.


सह्यकडा

खाणींबद्दल कुणीच लिहिलं नाही. बोत्स्वाना, लेसोथो, मोझांबिकमधले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत जात होते. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की क्षयाचा धोका कैक पटीने वाढतो, त्यात एचआयव्ही. माणूस आजारी पडला की गावी पाठवून द्यायचं. म्हणजे सोनं एका देशात आणि क्षय दुसऱ्या देशात. २०१९ मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने या कामगारांसाठी किमान ५०० कोटी रँडच्या भरपाईचा समझोता मंजूर केला. तोवर कितीतरी जण गेले होते.


अनघा_कऱ्हाड

सह्यकडा, फार महत्त्वाचं लिहिलंत. यावर स्वतंत्र धागा काढा, कृपया.

मला बायकांबद्दल लिहायचं आहे. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सहा पट असतो. एचआयव्हीतून वाचलेली बाई पन्नाशीत या कर्करोगाने जावी, हे मला सहन होत नाही. बोत्स्वानाने २०१५ पासून शाळकरी मुलींना एचपीव्हीची (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूवरची) लस द्यायला सुरुवात केली. त्या मुलींना त्याचा उपयोग होईल, पण आज पन्नाशीत असलेल्यांना तपासणीच हवी. ती एआरटीच्या फेरीतच करता येते. व्हिनेगर लावून बघायची सोपी तपासणी आहे, नर्सलाही शिकता येते.


आकडेमोड

मूळ प्रश्नाकडे. बोको यांनी आणीबाणी जाहीर करताना म्हटलं होतं की सरकारी औषध भांडाराकडून होणाऱ्या खरेदीत किमती पाच ते दहा पट फुगतात. आणीबाणीसाठी २५ कोटी पुला (बोत्स्वानाचं चलन) मंजूर झाले. त्याआधी आरोग्य मंत्रालयाने खासगी रुग्णालयं आणि पुरवठादारांचं १०० कोटी पुलांहून जास्त देणं थकल्याचं सांगितलं होतं. देणं थकलं की पुरवठादार हात आखडता घेतो, किंवा थकबाकीची जोखीम किमतीत चढवतो.


शेखर_दौंड

आकडेमोड, बरोबर, आणि पुरवठ्याच्या बाजूने मी भर घालतो. एआरटीत मोजून चार-पाच प्रकारच्या गोळ्या. रुग्णांची नोंदवही पक्की, म्हणून पुढच्या वर्षी किती लागणार ते आधीच कळतं. बीपी, मधुमेह, दमा, मानसिक आजार धरले की शेकडो औषधं, आणि रुग्ण किती ते कुणाला ठाऊक नाही. मग अंदाजपंचे मागणी, तीही २४ लाखांच्या देशाची. एवढ्याशा मागणीसाठी कारखाना वेगळी बॅच काढत नाही. मध्ये दलाल येतो आणि प्रत्येक जण आपला वाटा घेतो. ॲम्लोडिपिनसारखी बीपीची गोळी बनवायला फारच स्वस्त आहे. महाग होते ती वाटेत. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांनी एकत्र खरेदी करायची व्यवस्था टांझानियाच्या सरकारी औषध भांडारामार्फत ठरवली आहे. ती मनापासून वापरली तर बोत्स्वाना, लेसोथो, एस्वातिनी यांच्यासारख्या छोट्या देशांना मोठा फायदा होईल.


रानवारा

म्हणजे मूळ फरक नोंदवहीचा. हे पटलं. पैसा कमी झाला तरी ज्याची नोंद आहे त्याचं औषध आधी राखलं गेलं.


डॉ_निशिगंधा

नोंद, आणि मागणारी माणसं. एचआयव्हीच्या रुग्णांनी संघटना बांधल्या, औषध मिळालं नाही तर आवाज उठवला. बीपीच्या रुग्णांची संघटना कुठे आहे? पक्षाघात झाला की नशीब म्हणून घरचे गप्प बसतात.

आता तर दोन्ही आजार एकाच शरीरात आहेत. २००२ मध्ये तिशीत वाचलेली माणसं आज पन्नाशी ओलांडून गेली. त्यांच्यात बीपी आणि मधुमेह येणारच, शिवाय डोल्युटेग्रॅविरने काहींचं वजन वाढतं. ते औषध राष्ट्रीय कार्यक्रमात आफ्रिकेत सर्वांत आधी बोत्स्वानानेच घेतलं, २०१६ मध्ये. २०१८ मध्ये इथल्याच 'त्सेपामो' नोंदणीत अशी शंका आली की गर्भधारणेच्या वेळी हे औषध चालू असेल तर बाळाच्या मज्जारज्जूत दोष राहतो. अनेक देशांत मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते देण्यावर बंधनं आली. मग याच देशाने हजारो बाळंतपणं नोंदवत राहून दाखवलं की तो फरक टिकत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये कोरोनाचा ओमिक्रॉन प्रकार पहिल्यांदा ओळखणाऱ्यांतही गाबोरोनची प्रयोगशाळा होती, एचआयव्हीसाठी उभी केलेली. बक्षीस म्हणून प्रवासबंदी मिळाली, याचा मला अजूनही राग आहे.

म्हणून एचआयव्हीची यंत्रणा मोडा असं माझं म्हणणं नाही, तिची दारं उघडा. त्याच कार्डावर बीपी आणि साखर लिहा, त्याच खिडकीतून तीन महिन्यांच्या गोळ्या द्या. इथल्या एआरटी दवाखान्यांत बीपीचे उपचार जोडून बघण्याचे प्रयोग चालू आहेत. ते लवकर देशभर जावेत.


मोरपंखी

सगळ्यांचे मनापासून आभार. खूप शिकायला मिळालं. बाईंसाठी एक नेमकं विचारते, निशिगंधाताई. त्यांची ॲम्लोडिपिन या महिन्यात खासगी दुकानातून आणली. आता साखरही थोडी जास्त निघाली आहे आणि मेटफॉर्मिन लिहून दिली. तीही इथे दवाखान्यात नाही, बाहेरूनच घ्यायची. एआरटीबरोबर चालेल ना?


डॉ_निशिगंधा

चालेल, पण डोल्युटेग्रॅविर चालू असताना मेटफॉर्मिनचा डोस मर्यादित ठेवावा लागतो, कारण रक्तातलं तिचं प्रमाण वाढतं. सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, आणि मूत्रपिंडाची तपासणी आधी हवी. लिहून देणाऱ्याला एआरटीचं कार्ड दाखवलं होतं का ते विचार. नसेल तर उद्याच दोन्ही कार्डं घेऊन एआरटीच्या नर्सकडे जाऊ दे. ॲसिडिटीचं पातळ औषध, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या घेत असतील तर तेही सांगायला सांग, त्यांच्यामुळे डोल्युटेग्रॅविर नीट शोषलं जात नाही, वेळा बदलाव्या लागतात. आणि बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करू नये.